मदत हवी आहे: मंडळी आमची, मग पाळकांची बदली वरून का? तरुणांना कसं समजावू?

सदरची सून

सर्वांना सलाम.

माझं माहेर सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), सासर मेथडिस्ट चर्चचं; दोन्ही प्रोटेस्टंट, पण वेगवेगळी चर्चेस. लग्नानंतर सभासदत्व इकडे आलं आणि सध्या मी पास्टोरेट कमिटीत, म्हणजे आमच्या मंडळीचं (स्थानिक चर्चचं) कामकाज पाहणाऱ्या समितीत आहे. नागपुरातली मराठी-हिंदी मिसळलेली मंडळी, फार मोठी नाही.

रिजनल कॉन्फरन्समध्ये (विभागातल्या मंडळ्यांच्या सभेत) आमच्या पाळकसाहेबांची (पास्टरांची) बदली वाचली गेली, तेव्हापासून तरुण मुलं फार नाराज आहेत. साहेबांनी या मुलांना जीव लावला होता. कीबोर्ड शिकवला, दहावीच्या पोरांची गणितं करून घेतली, मेडिकलला कोणी भरती असलं की दोघा-तिघांना सोबत घेऊन प्रार्थनेला जायचे. आता मुलं म्हणतात, "दान आपण देतो, चर्च आपल्या आजोबांनी बांधलं, मग आपल्याला विचारलं का नाही?" काहींचं म्हणणं तर असं आहे की दानातून कॉन्फरन्सला जाणारा वाटा थांबवा, आपला वेगळा ट्रस्ट नोंदवा आणि पाळक आपणच ठेवा.

येत्या रविवारी उपासनेनंतर एमवायएफच्या (मेथडिस्ट युथ फेलोशिप, आमचा तरुणांचा गट) मुलांशी मला बोलायचं आहे. "नियमच तसा आहे" म्हणून वेळ मारून न्यायची नाही. आधी मला पटलं पाहिजे, तरच मी सांगू शकेन. बदली नक्की कोण ठरवतं? वाटा कशासाठी? जागा कोणाच्या नावे असते? आणि सीएनआयचं चर्च दोन गल्ल्या सोडून असताना आपण वेगळे का, हाही प्रश्न येतोच. कृपया जाणकारांनी सांगावं.

---

निवृत्त मास्तर

ताई, सलाम. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर आपल्याच गावात घडलं.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना नागपुरात झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन परंपरेची युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट अशा सहा चर्चेस एक झाल्या. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, त्यांच्या स्कॉटिश मिशनची परंपरा याच प्रवाहातून सीएनआयमध्ये गेली. आपण मात्र अमेरिकन मेथडिस्टांच्या शाखेतले. विल्यम बटलर १८५६ साली भारतात आले आणि बरेलीकडे काम सुरू झालं, ती ही शाखा. आपलं चर्च त्या वेळी 'मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया' होतं. एकीकरणाच्या बोलण्यांत ते बरीच वर्षं सामील होतं, पण १९७० मध्ये ऐन वेळी बाहेर राहिलं. पुढे ७ जानेवारी १९८१ रोजी मद्रासला 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' म्हणून स्वायत्त झालं.

म्हणजे दोन गल्ल्यांपलीकडचे लोक परके नाहीत. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे, तिथे ते आणि आपण दोघेही सभासद. मुलांना एखाद्या शनिवारी तिथे घेऊन जा, नुसत्या बोलण्यापेक्षा लवकर समजेल.

---

विदर्भ एक्स्प्रेस

मी माझ्या मंडळीतर्फे ले डेलिगेट (सामान्य सभासदांची प्रतिनिधी) म्हणून कॉन्फरन्सला बसलेली आहे, म्हणून बदलीबद्दल लिहिते.

आपल्याकडे पाळकाला मंडळी नोकरीवर ठेवत नाही. तो कॉन्फरन्सचा सभासद असतो. बिशप डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंटांशी (डीएस) सल्लामसलत करून नेमणुका ठरवतात आणि कॉन्फरन्सच्या शेवटी यादी मोठ्याने वाचली जाते. ती वेळ मी विसरू शकत नाही. आधी अहवाल, हिशेब, चर्चा, चहा, सगळं चाललेलं असतं. यादी हातात आली की हॉलमध्ये कोणी खोकतही नाही. डिस्ट्रिक्टचं नाव, मग पास्टोरेटचं, मग पाळकाचं. माझ्या पुढच्या रांगेत एका पाळकाची पत्नी बसली होती. मुलाचं बारावीचं वर्ष. नाव वाचलं गेलं, गाव दूरचं निघालं. तिने पदर सावरला, नवऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि नंतरचं गीत पूर्ण म्हटलं.

तुमच्या मुलांना हे सांगा, की बदलीचा भार आपल्यापेक्षा त्या घरावर जास्त पडतो आणि तरी ते जातात. ज्या खेड्यातल्या मंडळीला कोणताच पाळक स्वतःहून मिळाला नसता, तिलाही यातून पाळक मिळतो. आपण आपला पाळक निवडायला लागलो तर चांगला कीबोर्ड वाजवणारे, चांगलं बोलणारे सगळे नागपूर-पुण्यात राहतील. खेड्यातल्यांनी काय करायचं?

मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली प्रचारकांना एका जागी फार काळ ठेवत नसत. एकाच ठिकाणी वर्षभर उपदेश केला तर मी स्वतःही झोपेन आणि मंडळीही झोपेल, असं त्यांनी एका पत्रात लिहिलं होतं.

---

एमवायएफवाला

मी पंचविशीतला आहे आणि मला मुलांचा राग समजतो. वरचं सगळं खरं असेल, पण आमच्याकडे बदलीआधी कोणी आमच्याशी बसून बोललं नाही. कॉन्फरन्सचा अहवाल इंग्रजीत येतो आणि कपाटात जातो. वाटा किती गेला हे कळतं, त्याचं काय झालं हे कळत नाही. जोडलेलं चर्च म्हणायचं, तर जोड दोन्ही बाजूंनी लागते ना? मी वेगळा ट्रस्ट काढायच्या बाजूचा अजिबात नाही, पण "वरच्यांना कळतं, तुम्ही ऐका" असं ताईंनी मुलांना सांगू नये ही कळकळीची विनंती.

---

निवृत्त मास्तर

भाऊ, तुझं म्हणणं रास्त आहे आणि त्याला आपल्या पद्धतीतच जागा आहे. पाळक कसा हवा, मंडळीची गरज काय, हे पास्टोरेट कमिटी डीएस साहेबांना लेखी कळवू शकते. यादी वाचल्यावर नव्हे, कॉन्फरन्सच्या कितीतरी आधी. रिजनल कॉन्फरन्समध्ये पाळकांबरोबर सामान्य सभासदांचे प्रतिनिधी बसतात, मत देतात. दर चार वर्षांनी जनरल कॉन्फरन्स भरते, तीत पाळक आणि सामान्य सभासद दोघेही असतात, बिशपही तिथेच निवडून येतात. म्हणजे "वरचे" म्हणतो ते आपणच निवडून पाठवलेल्या माणसांच्या मतांवर उभे असतात. पण त्यासाठी पास्टोरेटची सभा लागली की तरुणांनी यावं लागतं. आमच्याकडे प्रतिनिधी निवडायच्या सभेला मोजकी डोकी असतात आणि सगळी माझ्या वयाची.

आता वाट्याबद्दल. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये उपासनागृहाचं कर्ज फेडायचं होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असं ठरलं. कोणी म्हणालं, पुष्कळांना तेवढंही झेपणार नाही. तेव्हा कॅप्टन फॉय नावाचे गृहस्थ म्हणाले, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ते देऊ शकले तर ठीक, नाहीतर त्यांचंही मी भरेन. पैसे गोळा करायला घरोघर गेल्यावर कोण आजारी, कोण अडचणीत, कोण विश्वासात डगमगतंय हे दिसायला लागलं आणि त्यातूनच मेथडिस्टांचे वर्ग, म्हणजे सभासदांचे छोटे गट, सुरू झाले. वाट्याचं मूळ इथे आहे: ज्याला झेपत नाही त्याचं दुसऱ्याने भरायचं. आपला वाटा थांबला तर आधी झळ त्या मंडळीला लागेल जिची दानपेटी आपल्यापेक्षा हलकी आहे.

हिशेब मागा, जरूर मागा. मराठीत मागा. वाटा थांबवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

---

कोर्टातला माणूस

जागेबद्दल थोडक्यात. मेथडिस्ट पद्धतीत चर्चची जागा त्या एका मंडळीची खाजगी मालकी नसते, ती व्यापक चर्चसाठी विश्वस्त म्हणून धरलेली असते. वेस्ली यांनी १७६३ मध्ये याचा नमुना दस्त करून ठेवला. हेतू असा, की स्थानिक विश्वस्तांनी रुसून कॉन्फरन्सने पाठवलेल्या प्रचारकाला दार बंद करू नये. म्हणजे पाळकाची नेमणूक आणि जागा हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

तुमच्याकडे प्रत्यक्षात काय आहे हे पाहायला नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (मालमत्ता पत्रक) काढा. नागपुरात बरीच जागा नझूलची (सरकारी मालकीची) असते, तेव्हा पट्टा आहे का, नूतनीकरण झालंय का, तेही पाहा. मुलांनी नवा ट्रस्ट नोंदवला तरी जुनी जागा आपोआप त्याच्याकडे येत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेची स्थावर मालमत्ता विकायला महाराष्ट्रात १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. वेगळं होण्याच्या नादात कोर्टात वर्षं गेलेली आणि दाराला कुलूप लागलेलं मी पाहिलंय. त्या काळात लहान मुलांची संडे स्कूल कुठे भरवायची, हा प्रश्न कोणीच आधी विचारत नाही.

---

सदरची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. एमवायएफवाल्या भाऊंचं म्हणणं मी जसंच्या तसं मुलांपुढे ठेवणार आहे आणि कॅप्टन फॉयची गोष्टही. कमिटीत प्रस्ताव मांडते, की वाट्याचा हिशेब मराठीत वाचून दाखवावा आणि पुढच्या कॉन्फरन्सआधी मंडळीच्या गरजांचं पत्र डीएस साहेबांना जावं.

एकच शंका राहिली. एक मुलगी नोकरीसाठी हैदराबादला चालली आहे. ती म्हणते, तिकडे परत नव्याने सभासद व्हावं लागेल का?

---

विदर्भ एक्स्प्रेस

नाही ताई. तुमच्या पाळकांकडून सभासदत्वाच्या बदलीचं पत्र घ्या, ते तिथल्या मेथडिस्ट मंडळीत दिलं की झालं. बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन) काहीच पुन्हा नाही. निघण्याआधीच पत्र घ्यायला सांगा, नंतर राहून जातं. आणि नवे पाळकसाहेब रुजू होण्याआधी पार्सनेजची (पाळकांच्या घराची) टाकी धुऊन, गॅसचं बघून ठेवा. त्यांच्या घरात शाळेची मुलं असतील तर जवळच्या शाळांची चौकशी आताच केलेली बरी, सत्र सुरू झाल्यावर प्रवेशाला फार त्रास होतो.