गोळीचा रंग आणि फळाची चव : आपले अनुभव

गेल्या रविवारी भाच्याने फळांच्या गोळ्यांचे पुडके आणले आणि मला डोळे मिटायला लावून एकेक गोळी जिभेवर ठेवली. संत्रे मी लगेच ओळखले. परंतु लिंबू म्हणून सांगितलेली गोळी अननसाची निघाली, आणि जिला मी ठामपणे स्ट्रॉबेरी म्हटले ती चक्क पिवळी होती. उघड्या डोळ्यांनी मी आयुष्यात कधी चुकलो नव्हतो. रंग पाहून चव ठरवण्याचे आणि त्यात फसण्याचे आपलेही अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

रानमेवा : आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. द्राक्ष म्हणजे हिरवे, उन्हाच्या बाजूने किंचित पिवळसर झालेले थॉमसन जातीचे, हेच लहानपणापासून डोक्यात असल्यामुळे जांभळी गोळी द्राक्षाची असते, हे दुकानदाराने शपथेवर सांगूनही मला पटले नव्हते. तो वास आमच्या बागेतल्या एकाही घडाला येत नसे. पुढे शिक्षणासाठी बंगळुरूला गेल्यावर बाजारातून ‘बंगलोर ब्लू’ नावाची काळसर, जाड सालीची द्राक्षे घेतली. एक मणी दाताखाली फोडला, साल एकीकडे आणि बुळबुळीत गर दुसरीकडे झाला, आणि तोंडात थेट शाळेबाहेरची गोळी उतरली. या जातीत अमेरिकेतल्या लॅब्रुस्का द्राक्षाचा अंश आहे, आणि गोळीला येणारा वास त्याच कुळातल्या काँकर्ड द्राक्षात आढळणाऱ्या मिथाइल अँथ्रानिलेट या द्रव्याचा असतो. गोळीला आम्ही उगाच खोटी ठरवली होती.

थेम्सकाठ : इकडे इंग्लंडमध्ये तर जांभळा रंग द्राक्षाचाही नाही. स्किटल्सच्या पुडीतली जांभळी गोळी येथे ब्लॅककरंट या झुडपावरच्या लहान काळ्या फळाची असते आणि अमेरिकेत द्राक्षाची. न्यू जर्सीहून आलेल्या बहिणीने माझ्या घरी ती तोंडात टाकली आणि गोळी नासली आहे, असा निर्वाळा दिला. व्हाइट पाइनच्या झाडांवर पडणाऱ्या तांबेरा या बुरशीच्या रोगाचा प्रसार ब्लॅककरंटच्या झुडपांमुळे होतो, म्हणून अमेरिकेत १९११ पासून त्यांच्या लागवडीवर देशव्यापी बंदी होती. ती १९६६ मध्ये उठली, तरी तोवर त्या फळाची ओळखच पुसली गेली होती. (मूळचा मुंबईकर असल्यामुळे माझ्या जिभेला मात्र जांभळे काही दिसले, की आधी काला खट्टाच आठवतो.)

पाकशाळा : एका लहान गोळी-कारखान्यात मी दहा वर्षे नोकरी केली. साखर आणि लिक्विड ग्लुकोजचा पाक सुमारे १४५ ते १५० अंशांपर्यंत आटवतात, तेव्हा त्याला कोणत्याच फळाची चव नसते. तो टेबलावर ओतून जरा निवला, की रंग, सायट्रिक ॲसिड आणि इसेन्स घालून मळतात, कारण कडकडीत पाकात इसेन्स उडून जातो. आपल्याकडे खाद्यपदार्थांत परवानगी असलेले कृत्रिम रंग आठच आहेत, त्यामुळे आमच्याकडे लिंबू आणि अननस या दोघांनाही एकाच डब्यातला पिवळा रंग पडे. बदलत असे ती फक्त इसेन्सची बाटली. एकदा माझ्याच हातून हिरव्या घाण्यात संत्र्याचा इसेन्स पडला. तो माल विकता येईना, म्हणून कामगारांत वाटला, तर निम्म्या जणांनी ‘या वेळी कैरी छान जमली आहे’ असे आवर्जून येऊन सांगितले. मी गप्प बसलो.

आंधळी कोशिंबीर : मला लाल आणि हिरवा यांतला फरक जन्मापासून कळत नाही. धाकट्या भावाला हे समजल्यावर तो ‘ही घे लाल’ म्हणत मला हिरवी गोळी देई आणि लाल स्वतः ठेवी. काही दिवसांनी मी कागद सोडून गोळी नाकाशी धरू लागलो आणि नको ती परत करू लागलो. तेव्हापासून तो लाल गोळी आधी चाटून मगच वाटणीला बसत असे.