बी-३०२ चं पोलीस व्हेरिफिकेशन (सोसायटी ग्रुप, गुरुवार संध्याकाळ)

देशमुख, बी-३०२ : नमस्कार मंडळी. थायलंडच्या व्हिसासाठी पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) लागतं, त्याच्या चौकशीला पोलीस काल दुपारी येऊन गेले. आम्ही दोघं बँकेत होतो. गेटवर त्यांना सांगण्यात आलं की देशमुख कायमचे थायलंडला गेले, फ्लॅट बंद असतो. आज शेरा पडला, अर्जदार पत्त्यावर राहत नाही. हे कोणी सांगितलं?

जोशी काकू, ए-४०४ : अगं बाई! म्हणजे परत पहिल्यापासून?

देशमुख : सकाळी पासपोर्ट ऑफिसला जाऊन फाइल पुन्हा पोलीस स्टेशनला पाठवायला लावली आहे काकू. पण पीसीसी आणि मेडिकल सर्टिफिकेट दोन्ही तीन महिन्यांच्या आतली लागतात. मेडिकल आधीच होऊन पडलंय. पीसीसी लांबली की ते शिळं होणार.

पाटील, सेक्रेटरी : वॉचमन बदलीवरचा आहे, आठवडाही झाला नाही. कमिटीने त्याला असं काही सांगितलेलं नाही.

देशमुख : आठवड्याच्या माणसाला माझं नाव, थायलंड, सगळं ठाऊक. कमाल आहे.

साठे, सी-२०१ : बी-३०२ ला कोणतंही पत्र देण्याआधी त्यांच्या पार्किंगच्या स्लॉट ७ चा निर्णय व्हावा. एजीएमच्या (वार्षिक सभेच्या) मिनिट्समध्ये आहे.

अविनाश, ए-३०३ : आला स्लॉट ७. मी म्हटलं अजून कसा नाही आला.

कदम, बी-२०४ : देशमुखसाहेब, मेव्हणा सांगत होता आठ लाख बाथ आधी बँकॉकच्या बँकेत भरावे लागतात. वीस लाखांच्या वर जातात आपले. नीट चौकशी करा.

नितीन सीए, सी-५०३ : कदम काका, ते तिकडे राहून मुदत वाढवतानाचं. इथून नॉन-इमिग्रंट ओ-ए, म्हणजे निवृत्तांच्या व्हिसासाठी अर्ज करताना आपल्या इथल्या खात्यातली शिल्लक चालते. ८ लाख बाथ शिल्लक, किंवा महिना ६५,००० बाथ उत्पन्न, किंवा शिल्लक आणि उत्पन्न मिळून ८ लाख. शिल्लक दाखवायची तर नुसतं स्टेटमेंट पुरत नाही, बँकेचं मूळ पत्र लागतं. आणि काका, आत्ता घाईने पैसे पाठवू नका. आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कापलेला कर) घेते. रिटर्नमध्ये परत मिळतो, पण तोवर अडकतो.

देशमुख : त्या पत्रासाठीच काल बँकेत होतो. मॅनेजर म्हणतात असा फॉरमॅट आमच्याकडे नाही. शेवटी मीच ड्राफ्ट टाइप करून दिला.

कदम : वयाची अट किती?

नितीन : ५० पूर्ण. तिथे नोकरी करता येत नाही.

अविनाश : साठेकाका, तुम्हीही अर्ज करा. पार्किंग मोकळं मिळेल.

साठे : पोरकटपणा नको. ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

जोशी काकू : वहिनींचं लग्नाचं सर्टिफिकेट झालं का हो? आमच्या नणंदेच्या वेळी तिथेच गाडं अडलं होतं.

देशमुख : झालं एकदाचं. तेवढी रक्कम हिच्या नावावर नाही, म्हणून ही माझी पत्नी म्हणून ओ व्हिसावर. १९८२ चं लग्न, नोंदणी कोण करत होतं तेव्हा? लग्नपत्रिका जपून ठेवली होती म्हणून वाचलो. त्यात चि. सौ. कां. कुसुम, पासपोर्टवर वैशाली. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, सगळं आलं.

जोशी काकू : सासरी नाव बदलायची हौस सगळ्यांना होती, कागद मात्र आता आपण गोळा करायचे.

कदम : आणि मेडिकलमध्ये काय काय बघतात? माझी बायपास झाली आहे म्हणून विचारतो.

डॉ. मुग्धा, बी-१०२ : पाच गोष्टी नाहीत एवढं डॉक्टरने लिहून द्यायचं असतं. कुष्ठरोग, क्षय, हत्तीरोग, अमली पदार्थांचं व्यसन आणि उपदंशाची तिसरी अवस्था. लेटरहेड, रजिस्ट्रेशन नंबर, शिक्का. बायपास त्या यादीत नाही. ती आडवी येते विम्याला. ३० लाख बाथांचं कव्हर मागतात, इथली नेहमीची मेडिक्लेम तिथे उपयोगाची नाही, आणि सत्तरीच्या आसपास कंपन्या हात आखडता घेतात. विम्याचं आधी बघा काका, बाकी सगळं नंतर.

अविनाश : व्यसनात चहा धरतात का? मग ए विंगमधून कुणी जायला नको.

कदम : हत्तीरोग आता कुठे राहिलाय डॉक्टर?

डॉ. मुग्धा : भंडारा, गडचिरोलीकडे आहे अजून. सरकार गोळ्या वाटतं तिकडे. माझं इंटर्नशिपचं वर्ष त्यातच गेलं, सुजलेले पाय घेऊन शेतावर जाणारी माणसं पाहिली आहेत मी. चेष्टेचा विषय नाही.

कदम : चेष्टा नव्हती केली. सॉरी.

साठे : मूळ मुद्दा बाजूला पडतोय. बी-३०२ ला कोणतंही पत्र देण्याआधी स्लॉट ७ चा निर्णय व्हावा.

देशमुख : पाटीलसाहेब, राहण्याच्या दाखल्याचा अर्ज मी मागच्या पंधरवड्यात तुमच्या हातात दिला होता. पोहोच आहे माझ्याकडे.

पाटील : मान्य आहे. पण विषय वादातला आहे, कमिटीच्या मीटिंगशिवाय मी एकट्याने सही कशी करू? उद्या मलाच विचारतील.

नितीन : पाटीलसाहेब, ही एनओसी नाही. फ्लॅट विकत नाहीयेत ते. सभासद आहेत आणि या पत्त्यावर राहतात, एवढंच लिहायचं आहे. पार्किंगचा त्यात काय संबंध?

साठे : संबंध आहे. ज्यांना इथे राहायचंच नाही त्यांनी जागा अडवून ठेवू नये.

देशमुख : साठे, गाडी मार्चमध्येच विकली. स्लॉट ७ रिकामा आहे. तो कुणाला द्यायचा ते कमिटी ठरवेल, मी आड येणार नाही, हवं तर हे लेखी देतो. मुलगी बँकॉकला आहे, एकटी दोन लहान मुलं सांभाळते. हिला तिच्याजवळ राहायचं आहे आणि मलाही. मला एका ओळीचा कागद हवा आहे की हा माणूस इथे राहतो. हे खरं आहे की खोटं?

जोशी काकू : खरं आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. डीम्ड कन्व्हेयन्सच्या (जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याच्या) वेळी उपनिबंधकांच्या ऑफिसात चकरा कोण मारत होतं? साठे भाऊजी, तुम्हीच तेव्हा म्हणाला होतात, देशमुख नसते तर जमीन अजून बिल्डरच्या नावावर असती.

अविनाश : हा मेसेज डिलीट केला आहे

साठे : मी माणसाविरुद्ध बोलत नाही. नियमाबद्दल बोलतोय.

जोशी काकू : मग नियमाचं मीटिंगमध्ये बोला. त्यांची मुदत चालली आहे.

पाटील : ठीक आहे. दाखला आज रात्री टाइप करून ठेवतो. चेअरमनसाहेबांशी फोनवर बोललो, त्यांची हरकत नाही. स्लॉट ७ रविवारच्या अजेंड्यावर घेतो. साठेसाहेब, तुमचंही समाधान होईल.

साठे : मिनिट्समध्ये यायला हवं.

पाटील : येईल. आणि गेटवर लेखी सूचना लावतोय, सभासद कुठे गेले हे परक्या माणसाला वॉचमनने सांगायचं नाही. इंटरकॉम करायचा, नाही लागला तर मला फोन.

देशमुख : आभारी आहे. हवालदारांशी बोलणं झालं, उद्या सकाळी ११ ला पुन्हा येतायत. शेजारचे दोन साक्षीदार लागतील. कोण घरी आहे?

डॉ. मुग्धा : माझी ओपीडी चारला. मी थांबते.

कदम : मी आहे. आधारची झेरॉक्स आणू की मूळ?

देशमुख : दोन्ही आणा.