तातडीने मदत हवी: डॉक्टर म्हणतात, तुम्हीच ठरवा

रानजाई: बाळासाठी सगळे प्रयत्न करायचे की फक्त त्याला त्रास होऊ नये एवढंच बघायचं, ते संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाले. वहिनी रडतेय, दादा गप्प. मी शिकलेली म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. काय सांगू? कृपया लवकर लिहा.

खटपट्या: कितवा आठवडा? बाळ झालंय की पोटात आहे?

सोनसाखळी: घाबरू नका! आमचा भाचा सातव्या महिन्यातला, आता घर डोक्यावर घेतो. छातीशी धरा, कांगारू पद्धत बेस्ट.

रानजाई: पोटातच आहे हो. काल अंगावरून पाणी गेलं. २३ आठवडे पूर्ण.

खटपट्या: @सोनसाखळी, सातवा महिना कुठे आणि हे कुठे! @रानजाई, फुप्फुसांसाठीची स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली का? एकच आहे की जुळं? वजनाचा अंदाज? आठवडे पाळीवरून मोजलेत की पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून? इथे चार दिवसांनीही फरक पडतो.

स्पष्टवक्ता: कटू बोलतो. जगलं तरी आयुष्यभराचं दुखणं. सोडून द्या.

शेवंता: @स्पष्टवक्ता, हे तुम्ही कोण ठरवणार? या वयाची काही मुलं गंभीर अपंगत्वाशिवायही वाढतात. धोका मोठा आहे, पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका.
रानजाई, मी नवजात विभागात नर्स होते. प्रसूतीचे आणि बाळाचे, दोन्ही डॉक्टर एकत्र बसवा. 'तुमच्याकडे या आठवड्याच्या बाळांचं काय होतं?' हे थेट विचारा. आणि आज दिलेलं उत्तर दगडावरची रेघ नसते. उपचार सुरू करून पुढे थांबवता येतात का, कधी, हे आत्ताच बोलून घ्या. मेंदूतला रक्तस्राव बहुतेक पहिल्या तीन दिवसांत होतो, सोनोग्राफीत कळतो, तेव्हा पुन्हा बसून बोलता येतं. दुसरा मार्ग घेतला तरी बाळाला टाकून देत नाहीत. ऊब देतात, वेदना होऊ देत नाहीत, आईच्या कुशीत ठेवतात.
तुम्ही निकाल देऊ नका. दोघांना कशाची जास्त भीती वाटते ते विचारा आणि डॉक्टरांसमोर तेच मांडा.

स्पष्टवक्ता: मी वास्तव सांगितलं, तर लगेच मिरच्या झोंबल्या.

मधुमालती: पुढच्या वेळी गर्भाशयाच्या तोंडाला वेळेत टाका घालून घ्या हं.

खटपट्या: _/\_ ताई, पुढची वेळ कुठून आली मध्येच?

रानजाई: एकच आहे. पहिलं इंजेक्शन झालं, दुसरं चोवीस तासांनी. शेवंताताई, तुमचं लिहिलेलं दादाला वाचून दाखवलं, तो आता बोलायला लागलाय. वहिनी विचारतेय, व्हेंटिलेटरवर असलं तर हात लावू देतात का?

शेवंता: बहुतेक ठिकाणी देतात. अंगठ्या-बांगड्या काढून, हात कोपरापर्यंत धुऊन. चोळायचं नाही, कातडी फार नाजूक असते, नुसता तळहात ठेवायचा. दूध काढायला लवकर सुरुवात करा, थेंबभर आलं तरी. डॉक्टर किती वाजता भेटणार?