मदत हवी आहे: प्रिन्सिपलचं स्पेलिंग कोणतं? पाचच्या आत मेल पाठवायचा आहे

बुटीबोरी_ऑफिस: प्रिन्सिपलच्या शेवटी ए-एल की एल-ई? साहेब एक म्हणतात, मी दुसरं लिहिलं. दोन्ही टाइप करून पाहिले, कम्प्युटर लाल रेघ देऊनच नाही राहिला. लवकर सांगा.

बर्डी_प्रिंटर: वाक्य टाका ना भाऊ. त्याशिवाय कोण सांगणार?

निवृत्त_शिक्षिका: ए-एल. कॉलेजच्या प्राचार्यांचं तेच स्पेलिंग.

बुटीबोरी_ऑफिस: प्राचार्य कुठून आले ताई? बँकेला पत्र आहे, कर्जाचं.

महालकर: मग ए-एलच. मुद्दल. डोळे मिटून लिहा.

बर्डी_प्रिंटर: डोळे मिटून नका लिहू. बँकेच्या पत्रात दोन्ही येतात. मुद्दलाला ए-एल, पण ‘इन प्रिन्सिपल’ मंजुरी म्हणजे तत्त्वतः मंजुरी, तिथे एल-ई. आधी मराठीत म्हणून पाहा, मुद्दल बसतं की तत्त्व.

बुटीबोरी_ऑफिस: अरे बाप रे. पहिल्या ओळीत ती मंजुरी, खाली बाकी मुद्दल. मी सगळीकडे ए-एल केलं.

महालकर: मग माझं अर्धं चुकलं. पहिली ओळ बदला.

गणेशपेठ_७: व्याकरण तपासणारं ॲप विकत घ्या, कटकट संपते.

बर्डी_प्रिंटर: काऊन घ्यायचं? स्पेलिंग तपासूनच मी एका दुकानाची ५०० बिलबुकं छापली. नावातल्या स्टेशनरीत ‘ई’च्या जागी ‘ए’ पडला, म्हणजे ‘जागेवर उभं’. शब्द खरा, म्हणून रेघ आली नाही. गिऱ्हाइकाने गठ्ठा सुतळीसकट काउंटरवर परत ठेवला. वह्या-पेनांना ‘ई’, एन्व्हलपचा ‘ई’.

निवृत्त_शिक्षिका: दोन्ही शब्दांचं लॅटिन मूळ एकच. फेरीवाला नव्हे, एका जागी दुकान मांडून बसणारा तो स्टेशनर. त्याच्या मालाला पुढे स्टेशनरी म्हणू लागले.

बुटीबोरी_ऑफिस: स्टेशनरी राहू द्या. शेवटी ‘काइंडली ॲडव्हाइस’ चालेल?

निवृत्त_शिक्षिका: नाही, तिथे क्रियापद हवं, ‘ॲडव्हाइझ’. ‘झ’ ऐकू आला की एस. सल्ला म्हणायचं असेल तर सी.

महालकर: प्रॅक्टिसला हे कुठे लागतं? उच्चार एकच, तरी ब्रिटिश पद्धतीत क्रियापदाला एस. अमेरिकेत दोन्हीकडे सी.

निवृत्त_शिक्षिका: खरं आहे, पण त्यांच्या पत्रात प्रॅक्टिस नाही. घाईत गोंधळवू नका.

गणेशपेठ_७: ‘रिव्हर्ट’ असेल तर ‘रिप्लाय’ करा. आपल्याकडे ‘उत्तर द्या’ म्हणून चालतं, परदेशात ‘पूर्वस्थितीला जा’ असं वाचतात.

बुटीबोरी_ऑफिस: होतं, काढलं. चार पन्नासला मेल गेला. आता साहेबांना दोन्ही ओळी दाखवतो.