मदत हवी आहे: न्यूटन-रॅफसनचं उत्तर कधी ० येतं, कधी १

लघुकोन
घन समीकरण न्यूटन-रॅफसनने सोडवणारा छोटा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहिलाय: दर फेरीला क्ष मधून फलाची (समीकरणाच्या डाव्या बाजूची) किंमत भागिले डेरिव्हेटिव्ह (तिथला वक्राचा उतार) वजा करून नवा क्ष काढतो. १०० फेऱ्या दिल्या की उत्तर ० येतं, १०१ दिल्या की १. समीकरणात घालून पाहिलं, दोन्ही मुळं नाहीत. सूत्र बरोबर आहे. उद्या वर्गात दाखवायचंय, नक्की कुठे चुकतंय ते लवकर सांगा.

वक्ररेषा
समीकरण कुठलं? सुरुवातीची किंमत? थांबायची अट?

शेषफळ
भागाकाराला दोन तिरप्या रेघा दिल्यात का? तसं केलं की पूर्णांकी भागाकार होतो. असे गोल आकडे त्यामुळेच येतात.

लघुकोन
एकच रेघ आहे. डेरिव्हेटिव्ह हाताने काढलंय, ३क्ष² − २. सुरुवात अर्थातच ० पासून. अट नाही, फेऱ्या संपल्या की छापतो.

वक्ररेषा
समीकरण अजून दिलं नाहीत, पण डेरिव्हेटिव्हवरून ते क्ष³ − २क्ष + क असणार. ० पासून पहिली पायरी ० − क/(−२), म्हणजे क/२. ती १ येतेय, म्हणून क = २. बरोबर?

लघुकोन
हो, + २.

वक्ररेषा
मग प्रोग्रॅममध्ये चूक नाही, रीतच अडकलीय. ० वर फलाची किंमत २, उतार −२, म्हणून पुढची पायरी १. १ वर किंमत १, उतार १, म्हणून परत ०. हे कितीही फेऱ्या चालणार. सम फेऱ्यांना ०, विषम फेऱ्यांना १. दर फेरीला क्ष छापला असता तर लगेच दिसलं असतं.

आलेख काढून बघा. उजवीकडे क्ष = ०.८१६ च्या आसपास वक्र खाली येतो, पण अक्षाच्या ०.९१ वरच थांबून पुन्हा चढतो. तिथे मूळ नाहीच. एकमेव वास्तव मूळ डावीकडे आहे, −१.७६९२९.

शेषफळ
एवढं कशाला? ० ऐवजी ०.१ घ्या, चक्र मोडेल.

वक्ररेषा
नाही मोडणार. करून बघा: ०.१ → १.०१४२ → ०.०७९७, आणि पुढे परत ० आणि १ कडेच. या समीकरणात ० वर दुसरं डेरिव्हेटिव्ह शून्य आहे, त्यामुळे हे चक्र आसपासच्या किमती स्वतःकडे खेचून घेतं. सुरुवात −२ पासून करा: −१.८, −१.७६९९५, −१.७६९२९. तीन पायऱ्यांत पाच दशांश.

दुभाजक
म्हणूनच मी नेहमी सांगतो, आधी बायसेक्शन (मूळ असलेला पट्टा अर्धा अर्धा करत जायची रीत) शिकवा. −२ वर किंमत −२, −१ वर ३. चिन्ह बदललं, म्हणजे मूळ मध्येच आहे. २० वेळा अर्धं केलं की अंतर १०⁻⁶ च्या आत. डेरिव्हेटिव्ह लागत नाही, अडकणं नाही.

घनमूळ
घन समीकरणाला सूत्र असताना अंदाज कशाला? कार्डानोच्या सूत्रात आधी हे बघायचं: (क/२)² + (−२/३)³ = १ − ८/२७ = १९/२७, धन, म्हणून वास्तव मूळ एकच. −१ ± √(१९/२७) या दोन संख्यांची घनमुळं मिळवा. −०.५४४२ आणि −१.२२५१, बेरीज −१.७६९३. फक्त पायथॉनमध्ये ऋण संख्येचा १/३ घात घेऊ नका, संमिश्र संख्या मिळते. धन संख्येचं घनमूळ काढून चिन्ह नंतर लावा.

दुभाजक
आणि पाचव्या घाताला काय करणार? तिथे असं सर्वसाधारण सूत्रच नाही.

घनमूळ
प्रश्न घन समीकरणाचा आहे.

लघुकोन
प्रश्न न्यूटन-रॅफसनचा आहे!

जुनीवही
थोडं अवांतर. न्यूटनने स्वतः घेतलेलं उदाहरण क्ष³ − २क्ष − ५ = ०, म्हणजे तुमच्यापेक्षा फक्त स्थिर पद वेगळं. त्याने क्ष = २ + प घालून प³ + ६प² + १०प − १ = ० मिळवलं, पहिली पदं सोडून प = ०.१ घेतला, मग पुन्हा नवं समीकरण मांडलं. तेच सूत्र पुन्हा पुन्हा वापरायची पद्धत रॅफसनची, १६९०.

समपाद
विद्यार्थ्यांना हेही सांगा की क्ष² = ३क्ष ला दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं की ० हे मूळ हरवतं. यात फार मुलं चुकतात.

लघुकोन
ते वर्गसमीकरण झालं, इथे संबंध नाही. −२ पासून चाललं, वक्ररेषा, आभार. पण असं होणार हे आधी कसं ओळखायचं? सगळीकडे चालेल अशी सुरुवात नसतेच का?

अनंतश्रेणी
न्यूटनच्या रीतीत नसते. घन समीकरणांपुरती जवळपास कुठूनही मुळापर्यंत पोचवणारी वेगळी पुनरावृत्तीची रीत बांधता येते. चौथ्या घातापासून पुढे सर्व बहुपदींना चालेल अशी एकच रीत शक्य नाही, हे कर्टिस मॅकमलन यांनी १९८७ मध्ये सिद्ध केलं.

वक्ररेषा
म्हणून दोन्ही रीती जोडा, दुभाजक यांचं इथे बरोबर आहे. चिन्ह बदलणारा पट्टा [−२, −१] धरून ठेवा. न्यूटनची पायरी पट्ट्यात पडली तर घ्या, बाहेर गेली तर मध्यबिंदू घ्या. −१ पासून निघालात तर न्यूटन थेट −४ वर नेतो, तेव्हा −१.५ घ्यायचं, तिथून पुढची पायरी −१.८४२ आतच पडते. प्रत्येक पायरीनंतर चिन्ह बघून पट्टा लहान करा. थांबताना लागोपाठच्या दोन क्षमधला फरक आणि फलाची किंमत दोन्ही तपासा. फेऱ्या संपल्या तर उत्तर छापू नका, "मूळ सापडलं नाही" असं छापा.