मदत हवी आहे: कुंडीतल्या टोमॅटोला बुडाशी काळा डाग

झाडाला फळं भरपूर धरलीत, पण हिरवी असतानाच बुडाशी काळपट, खोलगट डाग पडतो. देठाकडची बाजू स्वच्छ. कीड नाही, भोक नाही, म्हणून फवारणीच्या वाटेला गेले नाही. फळापर्यंत कॅल्शियम पोचत नसावं असं वाटतंय. माती कधी कोरडी, कधी चिंब राहिली की असं होतं म्हणे. अंड्याच्या टरफलांचा चुरा सगळेच सुचवतात, पण तो कुजेपर्यंत हा बहार संपेल!

कुंडी १२ इंची, दुपारपर्यंत माती सुकते. पालापाचोळ्याचं आच्छादन घालून दोन वेळा पाणी द्यावं, की मोठ्या कुंडीत हलवावं? आत्ता मुळं दुखावली तर फुलं गळतील का? आणि डागाळलेली फळं काढून टाकू?