अनुभव धागा: अमेरिकेतलं तुमचं शहर खरंच किती 'डेंजर' आहे?

भाच्याला सेंट लुईसला एमएससाठी अ‍ॅडमिशन मिळाली. पेढे वाटून झाले आणि रात्री आमच्या ताईने मोबाइलवर शहराचं नाव टाकून बघितलं. 'अमेरिकेतली सर्वांत धोकादायक शहरं', आणि सेंट लुईस पार वरच्या नंबरला. तेव्हापासून साताऱ्याहून रोज फोन: "अगं, पाठवू का नको?" मी बॉस्टनजवळ राहते, मला तिकडचं काय कळणार? म्हणून सगळ्या जुन्याजाणत्यांना हे आवताण. कुठल्या शहरात राहिलात, जायच्या आधी काय कानावर आलं होतं आणि प्रत्यक्षात काय घडलं (किंवा घडलंच नाही), ते लिहा. मावसभावाच्या मित्राचं ऐकीव नको. 'मग भारतात काय कमी आहे का' हा वादही नको, त्याला वेगळा धागा काढा.

मिसूरीकर
पहिला मान माझाच दिसतोय. ताईंना सांगा, यादी खोटी नाही, पण ती कशी काढतात ते बघा. सेंट लुईस शहर १८७६ मध्ये काउंटीपासून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) वेगळं झालं आणि त्याची हद्द तेव्हापासून आहे तिथेच आहे. २०२० मध्ये त्या हद्दीत जेमतेम तीन लाख माणसं होती. बाहेरचा सगळा पसारा धरला तर अठ्ठावीस लाखांच्या आसपास. २०२० मध्ये शहरात २६३ खून झाले. त्यांना भागायचं तीन लाखांनी, म्हणजे लाखामागे ८७. त्याच वर्षी शिकागोत साडेसातशेच्या वर झाले, पण तिथे भागायला सत्तावीस लाख आहेत, म्हणून लाखामागे २८ वर भागतं. पुण्याची हद्द पेठांपुरती ठेवून कोथरूड, औंध, हडपसर हिशेबातून वगळायचं आणि मग मुंबईशी तुलना करायची, असा हा प्रकार. (पेठकरांनी रागावू नये.)

मी शहराच्या हद्दीबाहेर बॉलविनला राहतो, आपलं देऊळही तिथेच आहे. कोणी विचारलं तर 'सेंट लुईस' म्हणून सांगतो, पण खुनांच्या त्या भागाकारात मी कुठेच नाही.

तरी सगळं भागाकारावर ढकलून चालणार नाही. डेलमार बुलेवार्ड म्हणून रस्ता आहे. त्याच्या दक्षिणेला मोठाली जुनी घरं, झाडं, कॉफीची दुकानं. उत्तरेला काही गल्ल्या आत गेलात की फळ्या ठोकलेल्या खिडक्या आणि छप्पर खचलेली विटांची घरं. तिथे राहणाऱ्याला हद्दीचा हिशेब ऐकवून काय उपयोग? त्याच्या गल्लीपुरता ८७ हा आकडाही कमीच पडेल. २०२४ मध्ये शहरातले खून दीडशेवर आले, हे मात्र ताईंना जरूर सांगा.

जर्सीचे आजोबा
आम्ही ऐंशीच्या दशकात जर्सी सिटीत होतो, नोकरी नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला. तेव्हाचं न्यूयॉर्क आजच्या पोरांना सांगून पटत नाही. पाकिटाखेरीज वरच्या खिशात वीस डॉलर वेगळे ठेवायची रीत होती, कोणी चाकू दाखवला तर मुकाट्याने काढून द्यायला. खिसा अगदीच रिकामा असला तर जास्त मार बसतो, हे ऑफिसातल्या गोऱ्यांनीच शिकवलं. १९९० साली त्या शहरात २२०० च्या वर खून झाले, २०१७ मध्ये तीनशेच्याही आत. पोलिसांमुळे, क्रॅक नावाच्या कोकेनची साथ ओसरली म्हणून, की आणखी कशाने, यावर जाणकार अजून भांडताहेत.

पण आमची खरी भीती नदीच्या अलीकडची होती. १९८७ मध्ये जर्सी सिटीत स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणारी टोळी निघाली. डॉट म्हणजे आपल्या बायकांचं कुंकू. भारतीयांना इथून हाकलणार, असं पत्र त्यांनी गावच्या वर्तमानपत्राला पाठवलं आणि ते छापून आलं. त्याच सुमारास शेजारच्या होबोकनमध्ये एका भारतीय तरुणाला इतकं मारलं की तो गेला. आमची ही घरातून निघताना टिकली काढून पर्समधल्या छोट्या आरशाच्या पाठीला चिकटवायची आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये पुन्हा लावायची. गोंदाने त्या आरशाची पाठ काळी पडली होती. शहराच्या दरवर्षीच्या आकड्यांत असलं काही दिसत नाही.

रात्रपाळी
शिकागो, वेस्ट साइड, हॉस्पिटलात नर्स. उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री गोळी लागलेली माणसं एकामागून एक येतात. अंगावरचे कपडे मोठ्या कात्रीने कापून काढायचे आणि कागदी पिशवीत भरायचे. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, ओल धरली की पुरावा खराब होतो. पिशवीवर वेळ आणि सही. खूपदा त्यात कोरे करकरीत बूट असतात, कारण येणारा पोरगा एकोणीस-वीसचा असतो.

आमच्यातली एक जण तिथल्याच गारफिल्ड पार्क वस्तीत वाढलेली. तिची आई अजून तिथेच राहते, संध्याकाळी पोर्चवर खुर्ची टाकून बसते. "दोन कोपरे आहेत आणि एक पेट्रोल पंप, तिथे ती जात नाही, बाकी तिचं सगळं नीट चाललंय," असं ही सांगते. शिकागोचे ७७ विभाग आहेत, त्यातल्या मोजक्या विभागांत निम्मंअधिक रक्त सांडतं, आणि त्या विभागांतही पुन्हा काही कोपऱ्यांवर. आपली मंडळी राहतात ते नेपरव्हिल आणि शॉमबर्ग तर शहरातच येत नाहीत. गणपतीच्या कार्यक्रमात "बापरे, तू वेस्ट साइडला जातेस?" म्हणणाऱ्यांनी तो भाग बहुतेक एक्स्प्रेसवेवरूनच बघितलेला असतो. भीती मलाही वाटते, रात्री पार्किंगपर्यंत गार्डला सोबत घेते. पण माझ्यासमोरच्या स्ट्रेचरवर शॉमबर्गचा माणूस क्वचितच येतो.

डेट्रॉइटजवळून
आम्ही नोवायला. नवीन आलेल्यांना पूर्वी सगळे सांगायचे, 'एट माइल रोड (डेट्रॉइट शहराची उत्तरेची हद्द) ओलांडू नका.' १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं शहर, २०२० मध्ये सव्वासहा लाखांच्या थोडं वर. अशी ओसाड पडलेली वस्ती बघून कोणीही बिचकेल. २०२४ मध्ये २०३ खून, १९६५ नंतर इतके कमी झाले नव्हते. आता दर उन्हाळ्यात नदीकाठी फिरायला जातो. सांगणारे अजूनही तेच सांगतात.

काचेचा चुरा
सॅन फ्रान्सिस्को बुडालं म्हणून टीव्हीवर रोज बोंब असते. खून म्हणाल तर २०२४ मध्ये ३५, आठ लाखांच्या शहरात. साठेक वर्षांत इतके कमी नव्हते. पण गाडीची काच! पाहुण्यांना गोल्डन गेट दाखवायला न्यावं, तर पार्किंगच्या कडेला निळसर चुरा पसरलेला. आमचीही फुटली, सासूबाईंची कापडी पिशवी गेली. आत गुळपोळ्या होत्या. संक्रांत आमच्यावर आली, साजरी चोराने केली. तक्रार ऑनलाइन, तीही इन्शुरन्सला नंबर लागतो म्हणून. बरेच जण तेवढंही करत नाहीत.

आणि मंडळी, 'साउथ बे (सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडचा भाग) सेफ आहे' म्हणून निर्धास्त राहू नका. २०२२ मध्ये सांता क्लारा काउंटीत साड्या नेसलेल्या, टिकली लावलेल्या बायका हेरून गळ्यातलं ओढणाऱ्या एकावर गुन्हे दाखल झाले, किमान चौदा बायकांना त्याने गाठलं होतं. तेव्हापासून फिरायला जाताना मंगळसूत्र जॅकेटच्या चेनच्या आत.

आकडेमोड
वरचंच धरून पुढे. म्हणूनच तुलना करायची तर जाणती माणसं खुनांवर येतात. काचेची तक्रार राहून जाते, मुडदा लपत नाही. आणि २०२१ च्या राष्ट्रीय आकड्यांवरून कोणी यादी पाठवली तर उघडूही नका. त्या वर्षी एफबीआयने नोंदीची पद्धत बदलली, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पोलिसांचे आकडे त्यात आलेच नाहीत. यावरून शहरांची क्रमवारी लावू नका, असं एफबीआय स्वतःच बजावतं. लावणारे दरवर्षी लावतात, कारण लोक वाचतात.

मूळ नागपूर
पेपरात आमच्या गावाला 'क्राइम कॅपिटल' म्हटलेलं वाचतच मोठा झालो, तर यादीचं मला फार कौतुक नाही. ह्यूस्टनच्या बाहेर राहतो, शांत वस्ती, शाळा नावाजलेली. दिवाळीच्या कार्यक्रमाला सगळे गेलो होतो, तेवढ्यात मागचं काचेचं दार फोडून घर साफ केलं. टीव्ही, लॅपटॉप जागच्या जागी. तांदळाचा डबा मात्र ओट्यावर उपडा, देवघराचा खण बाहेर. सोनं कुठं ठेवतात ते त्यांना आमच्या आईइतकंच ठाऊक! पोलिसानं आधी विचारलं, दाराबाहेर चपला असतात का, तोरण आहे का. भारतीय घरं हेरणाऱ्या टोळ्या आहेत म्हणे. आता सगळं बँकेच्या लॉकरमध्ये, लग्नाला मिरवायचं तर दोन दिवस आधी काढून आणतो.

रो-हाऊस
बाल्टिमोर. २०१५ ते २०२२, दरवर्षी तीनशेच्या वर खून. २०२४ मध्ये २०१. आमची गल्ली बरी आहे, संगमरवरी पायऱ्यांची जुनी घरं, शेजारीण शनिवारी त्या घासते. दोन चौक पुढे खांबावर पोलिस कॅमेऱ्याचा निळा दिवा रात्रभर लुकलुकतो. तो दिसला की आम्ही वळतो, शेजारीण मात्र सरळ जाते, तिची बहीण पलीकडे राहते. शहराच्या नावामुळेच आम्हाला एवढ्या भाड्यात अख्खं घर मिळालं, हे कबूल करायला हवं. आता मालक भाडं वाढवतोय, तर इथेच विकत घ्यावं असा विचार आहे. घराच्या किमतीचं मी बघतो. मला धास्ती आहे ती गाडीच्या इन्शुरन्सची, कारण हप्ता झिप कोडवर (आपल्या पिन कोडसारखा) ठरतो. काउंटीतून शहरात आलेलं कोणी आहे का इथे? किती फरक पडला, सांगाल का?